परशरामचा उजवा डोळा

"उद्या फोटो काढायचा आहे" असं सांगितलं की लोक नटून येत. धारवाडचे एक वकील कोर्टाचा काळा कोट आणि पांढरे बँड लावून आले होते. एक बाई नवी इरकल नेसून, गजरा माळून आल्या आणि सोबत नवऱ्यालाही घेऊन आल्या. जोडीनं फोटो निघेल अशी त्यांची समजूत होती. त्यांना खुर्चीत बसवलं, हनुवटी पट्टीवर टेकवायला सांगितली आणि खोलीतला दिवा घालवला, तेव्हा त्यांनी विचारलं, "अंधारात कसला फोटो?"

प्रश्न रास्त होता. आम्ही फोटो काढत होतो तो डोळ्याच्या आतल्या पडद्याचा. चेहऱ्याशी, कपड्यांशी किंवा नवऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

त्याआधी मी हुबळीच्या एका दैनिकात छायाचित्रकार होतो. अपघात, मंत्र्यांचे दौरे, बाजार समितीतली आंदोलनं, हे माझं काम. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हुबळीतल्या एका नेत्ररुग्णालयानं पडद्याचे फोटो काढणारा कॅमेरा आणला. डॉक्टरांना तो वापरता येत होता, पण फिल्म धुणं आणि प्रिंट काढणं त्यांच्यानं होईना. वेळ जाई आणि हातांना औषधाचा वास राही. डॉक्टरांनी आमच्या संपादकांना गळ घातली आणि मी काही महिन्यांसाठी म्हणून रुग्णालयात गेलो. निवृत्त झालो तो तिथूनच.

काम असं असे. रुग्णाच्या डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करायची. मग दंडाच्या शिरेतून फ्लुओरेसिन नावाचा नारिंगी-पिवळा रंग टोचायचा. हातात टोचलेला रंग रक्ताबरोबर हृदयात जातो, तिथून वर चढतो आणि काही सेकंदांत डोळ्याच्या पडद्यावर पोचतो. कॅमेऱ्यातून निळा प्रकाश टाकला की हा रंग चमकतो. आधी धमन्या उजळतात, मग बारीक वाहिन्यांची जाळी, मग शिरा. हे सगळं घडत असताना एकापाठोपाठ एक फोटो घ्यायचे. शरीर न कापता जिवंत रक्तवाहिन्या थेट पाहता येतात अशी ही एकच जागा आहे.

निरोगी वाहिनी रंग आपल्या आत धरून ठेवते. आजारात पडद्यावर ज्या नव्या, कच्च्या वाहिन्या उगवतात, त्या पाझरतात. फोटोत त्यांच्याभोवती धुकं दिसतं. अशा वाहिन्या आज ना उद्या फुटतात आणि डोळा रक्तानं भरतो. उपाय लेझरचा. सुरुवातीला त्यासाठी रुग्णांना मोठ्या शहरात पाठवावं लागे, पुढे आमच्याकडेच यंत्र आलं. लेझरनं पडद्यावर बारीक चटके देत गेलं की त्या वाहिन्या सुकतात. सुकल्या की नाही, हे कळायला पुन्हा रंग टोचून पुन्हा फोटो. डॉक्टर म्हणत, "लेझर मारणं म्हणजे पेरणी. उगवलं काय ते तुमच्या फिल्मवर कळणार."

रंग टोचल्यावर काहींना मळमळतं, म्हणून उपाशीपोटी यायला सांगत असू. धारवाडचे एक हेडमास्तर, मधुमेहाचे जुने रुग्ण, शपथेवर सांगत होते की सकाळपासून पाण्याखेरीज काही घेतलेलं नाही. सुई बाहेर निघायच्या आत त्यांना उलटी झाली. कॅमेरा थोडक्यात वाचला. आमच्या नर्स शांताबाईंनी खालची फरशी पाहिली.

"सर, हा पेढा दिसतो."

"प्रसाद होता," हेडमास्तर म्हणाले. "प्रसादाला नाही कसं म्हणणार?"

"मधुमेहाला नाही म्हणायचं मग," शांताबाई म्हणाल्या.

दुसरा परिणाम रंगाचाच. रुग्णाची कातडी दिवसभर पिवळी दिसते आणि लघवी गर्द पिवळी होते. एखाद-दोन दिवसांत ते आपोआप जातं. शांताबाई प्रत्येकाला हे मराठीत सांगत, कन्नडमध्ये सांगत आणि निघताना दारात पुन्हा सांगत. एवढं पुरेसं आहे असं आम्हा सगळ्यांना वाटे. पुरेसं नव्हतं, हे परशरामच्या वेळी कळलं.

परशराम अळणावरजवळच्या एका खेड्यातला. पंचविशी नुकतीच ओलांडलेली. अळणावरच्या एका सॉ मिलमध्ये तो करवतीपुढे उभा राही. फिरत्या पात्यावर ओंडका खडूच्या रेघेवरून सरळ सरकवत नेणं हे त्याचं काम. त्याचा डावा डोळा दोन-तीन वर्षांपूर्वी रक्तानं भरला होता. घरच्यांनी उष्णता म्हणून सोडून दिलं आणि तो डोळा कायमचा गेला. आता उजव्या डोळ्यापुढे काळे केस तरंगत होते. तरुण पुरुषांच्या पडद्यावर धडधाकट असतानाच अशा कच्च्या वाहिन्या उगवण्याचा एक आजार आहे. त्याचं नेमकं कारण तेव्हा डॉक्टरांनाही सांगता येत नसे.

त्याच्याबरोबर त्याची थोरली बहीण आली होती. नाव गंगाक्का, पण परशराम अक्का म्हणे म्हणून सगळं रुग्णालय अक्का म्हणू लागलं. लग्न होऊन कलघटगीकडच्या गावी दिलेली, भावासाठी संसार सासूवर टाकून आलेली. उंच, सावळी आणि बोलण्यात कुणाला न हरणारी.

"कधीपासून दिसंना झालंय?" डॉक्टरांनी परशरामला विचारलं.

"दिसतंय की," परशराम म्हणाला.

"दिसतंय म्हणं!" अक्का म्हणाली. "परवा ताटातल्या आमटीत माशी पडली म्हणून वाटी उपडी केली यानं. माशी न्हवती डॉक्टर. माशी ह्याच्या डोळ्यात."

परशरामचा फोटो काढताना एक अडचण होती. कच्च्या वाहिन्या पडद्याच्या कडेला होत्या, कानाकडच्या बाजूला. ती बाजू कॅमेऱ्यासमोर आणायची तर त्याला डोळा उजवीकडे वळवून तसाच धरायला हवा. एरवी आम्ही दुसऱ्या डोळ्यापुढे एक लाल दिवा धरत असू. रुग्ण त्या डोळ्यानं दिव्याकडे पाही, आणि फोटो काढायचा डोळा आपोआप तिकडे वळे. परशरामचा दुसरा डोळा आंधळा होता. आणि ज्याचा फोटो काढायचा तो फ्लॅशनं दिपलेला, त्याला दिवा दिसणं शक्य नव्हतं. "उजवीकडे बघ" म्हटलं की तो बघे, पुढच्या फ्लॅशला डोळा परत मध्ये येई.

मी अक्काला त्याच्या उजव्या हाताला उभं केलं. "अक्का, इथून हलायचं नाही आणि बोलणं थांबवायचं नाही. परशराम, आवाज येईल तिकडे बघत राहा."

"काय बोलू?"

"घरी बोलता तेच."

शांताबाईंनी रंग टोचला. अक्का सुरू झाली. "परशा, इकडं बघ. मागल्या बेंदराला बैलाच्या शिंगांना रंग लावतो म्हणालास आन् सगळा रंग स्वतःच्या धोतराला लावून आलास. बघालास काय? इकडं बघ. आई म्हणते परशाला पोरगी बघा. कोण देणार ह्याला पोरगी, आमटी उपडी करणाऱ्याला?" परशरामचा डोळा तिच्या आवाजावर खिळला. कडेच्या वाहिन्या उजळल्या आणि त्यांच्याभोवती धुकं पसरलं. मी बटण दाबत राहिलो.

फिल्म धुऊन निघाली. निगेटिव्हवर उजेड काळा दिसतो, त्यामुळे पाझर शाईच्या डागासारखा दिसतो. कानाकडच्या बाजूला असे डाग होते. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात लेझर केलं आणि अक्काला बजावलं, "एक महिन्यानं परत आणायचं. वाहिन्या मेल्या की जिवंत आहेत ते बघितल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. हा एकच डोळा आहे."

"आणते की," अक्का म्हणाली.

महिना गेला. दुसराही गेला. परशराम आला नाही. पत्र टाकलं, उत्तर नाही. मग एका सोमवारी अक्का एकटीच दारात उभी राहिली.

"त्याला पुन्हा केस दिसालेत," तिनं सांगितलं. "पर आई सोडंना."

तिच्या सांगण्यातून जे कळलं ते असं. लेझर झाल्यावर डोळ्याला आराम पडावा आणि अक्काच्या नजरेखाली राहावा म्हणून परशरामला ती आपल्या सासरी घेऊन गेली होती. आईही तिथेच आली होती. लेझरच्या दिवशी जागा पक्क्या करायला डॉक्टरांनी पुन्हा थोडा रंग टोचून पाहिलं होतं. त्या संध्याकाळी परशराम परसात गेला आणि आईनं ते पिवळं पाहिलं. मग त्याचं तोंड पाहिलं. गावात त्याच वर्षी काविळीनं एक माणूस गेला होता. अक्का सांगत राहिली की हे रंगाचं आहे, नर्सबाईंनी सांगितलंय. आईनं ऐकलं नाही. तिनं थेट पलीकडच्या गावच्या वैद्यांचं दार गाठलं. काविळीच्या औषधासाठी त्यांचं नाव होतं, आणि सगळा मुलूख त्यांना अप्पा म्हणे. अप्पांनी ताकातून पाल्याचा रस दिला. तेल, हळद, तिखट बंद. दोन दिवसांत परशराम पूर्वीसारखा झाला.

"म्हणजे औषधाचा गुण आला," डॉक्टर म्हणाले.

"गावात तसंच बोलतात. अप्पांकडं आता लांबनं माणसं यायलीत." अक्का हसली नाही. "आई म्हणते सुईनं कावीळ झाली, अप्पांनी उतरवली. औषध अंगात असेपर्यंत वेस ओलांडायची न्हाई म्हणून परशाला तिनं घरात बसवलंय. त्यात महिना गेला. आता म्हणते वेस ओलांड, पर सुई नको. तुमी सुई न मारता फोटो काढा की."

मी तिला समजावलं. पाटाला कुठे पाझर आहे हे नुसतं काठावरून कळत नाही. पाण्यात रंग सोडला तर तो कुठून बाहेर येतो ते दिसतं.

"हळदीचं पाणी सोडून बघायचं," अक्का म्हणाली.

"हो."

"मग न बघताच सगळीकडं लेझर मारा. पाझर असंल न्हाई तर नसंल."

याचं उत्तर डॉक्टरांनी दिलं. लेझरच्या प्रत्येक चटक्यासरशी पडद्याचा तेवढा ठिपका मरतो. जिथे गरज नाही तिथे जाळलं तर तेवढी नजर कायमची जाते. जिथे गरज आहे तिथे जाळायचं राहिलं तर वाहिनी फुटते आणि सगळीच जाते. दोन डोळे असते तर एखादी चूक चालली असती.

अक्कानं पदर कमरेला खोचला. मग ती उठली. "अप्पांनाच आणते."

शांताबाईंना ती गंमत वाटली. पण त्याच आठवड्यात अक्का परशरामला घेऊन आली आणि बरोबर खरोखर अप्पा होते. साठीच्या पुढचे, पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, खांद्याला कापडी पिशवी. आईनं घातलेली अट त्यांनीच सांगितली. सुई टोचायची असेल तर अप्पा शेजारी हवेत आणि कावीळ झाली की लगेच औषध सुरू व्हायला हवं.

डॉक्टर आणि अप्पा यांचं बोलणं कन्नडमध्ये झालं. डॉक्टर अंगानं लहान आणि बोलण्यात तुटक. अप्पा सावकाश बोलत.

"आमच्या रंगानं कावीळ होत नाही," डॉक्टर म्हणाले.

"होत नसेल," अप्पा म्हणाले. "पण त्याच्या आईच्या डोळ्यांनी ती बघितली आहे. तुम्ही पिवळं करा, मी उतरवतो. तुमचंही काम होईल, माझंही."

डॉक्टरांनी त्यांच्या पिशवीकडे पाहिलं. "डोळ्यात काही घालायचं नाही. नाकातही नाही."

"मी पोटात देतो."

"पोटात काय?"

"पाला. आणि ताक."

"ताक द्या," डॉक्टर म्हणाले. "पाला कुठला तो मला दाखवा."

अप्पांनी पाला दाखवला. डॉक्टरांनी वास घेतला, एक पान चावून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि मान हलवली.

शांताबाई तयारी करताना मला म्हणाल्या, "म्हणजे आता आपण त्याच्या आईला खोटं सांगायचं?"

"डॉक्टर म्हणाले, आपण काही सांगायचं नाही."

"तेच ते."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. वर्तमानपत्रात याला बातमी दाबणं म्हणत. मी दोन्ही ठिकाणी काम केलं आहे, आणि रुग्णालयात ते करताना मला कमी वाईट वाटलं हे नोंदवून ठेवतो. पण वाईट वाटलं.

या खेपेला डॉक्टरांना दोन जागांचा संशय होता. कानाकडची जुनी आणि नाकाकडच्या बाजूची एक नवी. म्हणजे परशरामला उजवीकडेही बघावं लागणार होतं आणि डावीकडेही. उजवीकडे अक्का होतीच. डावीकडे मी अप्पांना उभं केलं.

"मी काय बोलू?" त्यांनी विचारलं.

"पथ्य सांगा," अक्का पलीकडून म्हणाली. "ते लांबलचक हाय."

दिवा घालवला. रंग गेला. आधी अक्का: "परशा, इकडं. आई देवाला दिवा लावून बसलीय, तू डोळा मिटलास तर माझा जीव घेईल." डोळा उजवीकडे. मी फोटो घेतले आणि अप्पांना खूण केली. अप्पांनी घसा साफ केला आणि शाळेत पाढे म्हणावेत तसं सुरू केलं, "तेल नाही. तूप नाही. हळद नाही. मिरची नाही. वांगं नाही..." परशरामचा डोळा फिरून डावीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"वांगं पण न्हाई?" परशराम हनुवटी न हलवता पुटपुटला.

"वांगं तर मुळीच नाही."

"जेवायचं काय मग?"

"तू बघ. बोलू नको," अक्का म्हणाली, आणि डोळा परत तिच्याकडे वळला. दोन फोटो वाया गेले.

संपल्यावर परशराम संडासाकडे गेला. अप्पा त्याच्याबरोबर गेले आणि परत येताना मला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"एक विचारू? हे आपोआप जातं ना?"

मी फिल्मचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

"बोलायला बंदी आहे वाटतं," अप्पा म्हणाले. "मी आयुष्यभर काविळीचंच बघत आलो. काविळीचं पिवळं मळकं असतं, काळपट. हे उन्हात हिरवं चमकतं. पहिल्या वेळीच मी भांड्यात धरून बघितलं होतं. ही कावीळ नव्हे."

"मग औषध का दिलंत?"

"त्याची आई माझ्या उंबऱ्यावर डोकं आपटत होती. तुझ्या पोराला काही झालं नाही, घरी जा, असं म्हटलं असतं तर ती गेली असती. पण घरी नाही. आमच्याकडे वरच्या गल्लीत एकजण काविळीला तापल्या सळईचे डाग देतो. हातावर, पोटावर. ती तिकडे गेली असती." त्यांनी खांद्यावरची पिशवी सारखी केली. "ताकानं कुणाचं काही बिघडत नाही."

"वेस ओलांडायची नाही, हेही तुम्हीच सांगितलं?"

"पथ्य मी सांगितलं. वेशीचं तिनं जोडलं. पथ्याला लोक घरचं काहीतरी जोडतातच." थोडं थांबून ते म्हणाले, "तेवढं मात्र मी मोडून काढायला हवं होतं. पोराचा महिना गेला."

फिल्म धुऊन मी ओलीच डॉक्टरांकडे नेली. प्रकाशाच्या पेटीवर त्यांनी भिंग टेकवलं. कानाकडची जुनी जागा शांत होती. लेझरच्या चटक्यांचे ठिपके होते, पाझर नव्हता. नाकाकडच्या बाजूला मात्र ताजा काळा डाग होता आणि खाली आणखी एक, आधी नसलेला. पडद्यासमोर थोडं रक्तही उतरलं होतं. पहिल्या महिन्यातच तो आला असता तर खालचा डाग कदाचित झालाच नसता. कदाचित, एवढंच म्हणता येतं. डॉक्टरांनी ते अक्काला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या दोन जागांवर लेझर केलं.

अप्पांनी गावी जाऊन काय सांगितलं ते नंतर अक्काकडून कळलं. त्यांनी आईला सांगितलं की सुईचं पिवळं आता मला ओळखता येतं, ते नुसत्या ताकानंही उतरतं, त्यासाठी मला बोलवायची किंवा वेस धरून बसायची गरज नाही. खरं आणि सोयीचं यांच्यामध्ये त्यांनी एक जागा शोधली होती. त्यानंतर त्या भागातून येणारे रुग्ण सुईला हरकत घेईनासे झाले. काहीजण येतानाच ताकाची बाटली घेऊन येत. शांताबाई ती बाटली खिडकीत ठेवत.

ठरल्या दिवशी परशराम फोटोसाठी तिसऱ्यांदा आला. अप्पा आले नव्हते. अक्काबरोबर आई होती. बुटकी, वाळलेली बाई, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. सगळा वेळ तिची नजर शांताबाईंच्या हातातल्या सुईवर होती.

डाव्या बाजूला उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं. मी आईला तिथे उभं केलं आणि सांगितलं, "मी खूण केली की बोलायचं. तुमचा आवाज येईल तिकडे तो बघेल."

रंग गेला. अक्काचं नेहमीप्रमाणे झालं. मी आईला खूण केली. ती काहीच बोलेना. तोंडावर पदर धरून उभी. रंग चढत होता, वेळ फार नव्हता आणि परशरामचा डोळा मध्येच घुटमळत होता.

"आई, बोला," मी म्हटलं.

"आये, बोल की!" अक्का अंधारातून ओरडली. "घरात तर गप्प बसत न्हाईस."

आईच्या तोंडून शब्द फुटला तो जेमतेम. "परशा. मी हाय. इकडं बघ."

डोळा डावीकडे गेला, पार टोकापर्यंत. ती पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत राहिली आणि तो डोळा शेवटच्या फ्लॅशपर्यंत हलला नाही. नाकाकडच्या बाजूचे इतके स्वच्छ फोटो मला त्याच्या आधीच्या खेपेला मिळाले नव्हते.

डार्करूममधून बाहेर आलो तेव्हा तिघं बाकावर एका ओळीत बसली होती. डॉक्टरांनी पट्टी पेटीवर ठेवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं, परत उलट पाहिलं. काळा डाग कुठेच नव्हता. नाकाकडे नाही, खाली नाही, कानाकडे नाही. लेझरचे ठिपके तेवढे राखाडी दिसत होते.

"बंद झाल्या," ते म्हणाले.

अक्कानं विचारलं, "सगळ्या?"

"दिसतात तेवढ्या सगळ्या. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. पण आज बंद आहेत."

आईनं डॉक्टरांच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, तो त्यांनी मागे सरून चुकवला. मग त्यांनी राहिलेलं सांगितलं. ते त्यांना जड गेलं, कारण ते पेटीकडे बघत बोलले. ओंडके उचलणं बंद. जोर लागेल असं काहीही बंद. जोर लागला की वाहिन्यांवर दाब येतो. आणि करवतीपुढे उभं राहायचं नाही. एका डोळ्याला पात्याचं अंतर कळत नाही, शिवाय कडेची नजर लेझरनं कमी झाली आहे. बोटं जातील.

परशराम पहिल्या दिवसापासून फारसं बोलला नव्हता. आता तो सावकाश म्हणाला, "करवत न्हाई. ओंडका न्हाई. मग ह्यो डोळा कशाला राखला? बघू काय त्यानं?"

डॉक्टरांनी पेटीतला दिवा घालवला. आईनं पदराआड तोंड लपवलं.

"माझं तोंड बघ," अक्का म्हणाली. "आणि काय बघायचंय तुला? इतके दिवस माझा नुसता आवाज ऐकून डोळा फिरवलास. आता तोंड बघ की."

ती त्याच्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. फ्लॅशची दिपवणूक अजून पूर्ण उतरली नव्हती. परशरामनं डोळा बारीक केला, मान थोडी तिरकी केली आणि खरोखरच बघत राहिला. कपाळ, नाक, नाकातली चमकी, जिवणी. अक्कानं तोंड फिरवलं नाही.

"बघितलं," तो म्हणाला. "केस पिकलेत तुझे. चल, बस चुकंल."